पोस्टकार्डावरचा कौल : मांगा आणि त्याचे वाचक

जपानी मांगा, म्हणजे तिथली चित्रकथा, आपल्याकडे पोचतो तो बहुधा इंग्रजी अनुवादातल्या पुस्तकाच्या रूपाने. तोवर गोष्ट पुरी झालेली असते, निदान बरीच पुढे गेलेली असते, आणि वाचक आपले मत त्यानंतर मांडतो. जपानमध्ये मात्र मांगा सहसा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः छापला जातो, त्यामुळे तिथल्या वाचकाचे मत गोष्ट घडत असतानाच संपादकापर्यंत जाते. एखादे दुय्यम पात्र अचानक का मोठे होते, चांगली सुरुवात झालेली कथा दहा-बारा प्रकरणांत का गुंडाळली जाते, याचा उलगडा पुष्कळदा या व्यवस्थेत होतो.

सचित्र कथेवर वाचकाने लेखी मत देण्याची रीत तिथे मांगाच्या साप्ताहिकांहून बरीच जुनी आहे. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८०८ साली पुस्तके भाड्याने देणारे ६५६ व्यावसायिक होते आणि त्यांतले अनेक जण पाठीवर गठ्ठा बांधून घरोघर फिरत, म्हणजे कथांना वाचकवर्ग तयार होता. क्योकुतेई बाकिन यांची ‘नान्सो सातोमी हाक्केन्देन’ ही सचित्र कादंबरी १८१४ ते १८४२ अशी भागाभागांनी निघत राहिली. ती सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच, १८१८ साली, मात्सुसाका येथील व्यापारी तोनोमुरा जोसाई यांनी दाखवलेले गुणदोष आणि बाकिन यांनी त्यांना दिलेली उत्तरे यांचे एक पुस्तकच प्रसिद्ध झाले. त्याची धाटणी काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या नटांच्या परीक्षणाच्या पुस्तिकांची होती. बाकिन मानी स्वभावाचे, तरीही जोसाई यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला. एका जाणत्या वाचकाचे मत लेखकाला एवढे मोलाचे वाटत होते, हे पुढचा मोजणीचा काळ पाहताना ध्यानात ठेवावे असे आहे.

ती मोजणी सुरू झाली साप्ताहिकांच्या चढाओढीतून. ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही मुलांची दोन साप्ताहिके १७ मार्च १९५९ या एकाच दिवशी बाजारात आली. शुएइशा या प्रकाशनसंस्थेचे ‘शोनेन जंप’ १९६८ साली निघाले तेव्हा नावाजलेले बहुतेक चित्रकार या दोघांकडे गुंतलेले होते. नवख्यांवर भिस्त ठेवण्यावाचून ‘जंप’ला गत्यंतर नव्हते, आणि नवख्यांपैकी कोण चालेल हे ठरवायला वाचकांचा कौल हाच हाताशी असलेला मार्ग होता. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचकाने त्या अंकातल्या सर्वांत आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या, अशी ही पद्धत. नव्या मालिकेला साधारण दहा आठवड्यांची मुदत मिळे. तेवढ्यात मते वाढली नाहीत तर ती आटोपती घ्यावी लागे. मैत्री, प्रयत्न आणि विजय हे ‘जंप’चे प्रसिद्ध त्रिसूत्रही मुलांना विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच आले, असे सांगतात.

या कौलाने मालिका केवळ तरत किंवा बुडत नसत, त्यांचा साचाही बदले. ‘जंप’मधली आकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ साली सुरू झाली ती साहसयात्रा म्हणून. पण लवकरच मते घसरू लागली. तेव्हा संपादक काझुहिको तोरिशिमा यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून नायकाच्या बलवान होण्याच्या ध्यासाला आणि युद्धकलेच्या स्पर्धेला मध्यवर्ती जागा मिळाली, आणि मालिका वर चढली. आज जगभर या मालिकेची जी ओळख आहे, ती बरीचशी या वळणानंतरची आहे. १९९४च्या अखेरीस ‘जंप’चा खप ६५ लाख ३० हजारांवर पोचला होता. पद्धत निर्दय होती, पण निष्फळ होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही पोस्टकार्ड मोजते ते पहिल्या वाचनाचे मत, तेही चालू आठवड्याच्या अंकापुरते. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण मुलींच्या नियतकालिकांच्या जगातले आहे. मोतो हागिओ यांची ‘थॉमस नो शिन्झो’ ही जर्मनीतल्या मुलांच्या वसतिगृहात घडणारी मालिका १९७४ साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोजो कॉमिक’ या साप्ताहिकात सुरू झाली, आणि पहिल्याच पाहणीत तळाला गेली. संपादकांनी ती संपवायला सुचवले. हागिओ यांनी थोडा अवधी मागून घेतला. त्याच सुमारास त्यांच्या ‘पो नो इचिझोकु’चा पहिला खंड निघाला आणि त्याच्या ३० हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. साप्ताहिकाच्या कौलात न दिसलेला वाचक पुस्तकाच्या दुकानात उभा होता. मालिका बंद पडण्यापासून वाचली, आणि आज मुलींच्या मांगातली एक अभिजात कृती म्हणून तिचे नाव घेतले जाते. चालू अंक एका बैठकीत वाचून टाकणारा आणि पुस्तक विकत घेऊन पुन्हापुन्हा वाचणारा हे एकच वाचक असतीलच असे नाही, आणि संपादकीय कार्यालयात मुख्यतः पहिल्याचीच मोजदाद होत होती.

दुसऱ्या प्रकारच्या वाचकांनी लवकरच स्वतःची जागा उभी केली. ‘मेइक्यू’ या समीक्षामंडळातल्या योशिहिरो योनेझावा आणि त्यांच्या मित्रांनी २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिले ‘कॉमिक मार्केट’, म्हणजे स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांची जत्रा, भरवले. त्यात चाहत्यांची ३२ हौशी मंडळे होती आणि सुमारे ७०० लोक आले. बहुसंख्य शाळकरी मुली, आणि त्यांत हागिओ यांच्या चाहत्या पुष्कळ. इथे प्रतिसाद म्हणजे मत कळवणे नव्हते. आवडलेल्या गोष्टीची पुढची कथा स्वतः रचणे, तिचे विडंबन करणे, तिच्यावर निबंध लिहून तो स्वखर्चाने छापणे, हाच प्रतिसाद होता. ‘मेइक्यू’ने तर ‘पो नो इचिझोकु’चे विडंबनही काढले.

सचित्र कादंबऱ्यांच्या क्षेत्रात हे दोन्ही प्रवाह, मतांची मोजणी आणि वाचकांनी स्वतः लिहिणे, पुढे एकत्र आले. २००४ साली सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर हौशी लेखक प्रकरणामागून प्रकरण लिहितात आणि वाचकांच्या गुणांवरून क्रमवारी लागते. वर आलेल्या कथा प्रकाशक उचलतात आणि मगच त्यांच्यासाठी चित्रकार नेमला जातो. बाकिन चित्रांचे कच्चे आराखडे स्वतः काढून चित्रकाराकडे सोपवत. इथे वाचकांनी कथा निवडून झाल्यावर तिच्या पात्रांना चेहरे मिळतात.