जोडी एकाची, पिल्ले कुणाची?

क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला एक बाणाने पडला आणि त्या शोकातून श्लोक जन्मला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. चक्रवाकाचा विरह, हंसांची निष्ठा हेही ओळखीचेच. कवींचे सोडा, पक्षिशास्त्रही विसाव्या शतकात बराच काळ याच समजुतीवर चालले होते. 1968 साली इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी पक्ष्यांच्या 90 टक्क्यांहून अधिक जाती एकाच जोडीदाराबरोबर संसार करतात असे मांडले. ते चूक नव्हते. फक्त घरट्यावर कोण दिसतो हे पाहून तो हिशेब मांडला होता. पिल्लांचा बाप कोण, हे तपासायची सोयच नव्हती.

पहिला तडा 1975 साली अमेरिकेत गेला, आणि तोही आडवाटेने. पिकांची नासाडी करणाऱ्या रेड-विंग्ड ब्लॅकबर्डची संख्या आटोक्यात आणता येईल का, हे पाहण्यासाठी संशोधकांनी नरांची नसबंदी केली. तरीही त्या नरांच्या हद्दीतल्या माद्यांनी फलित अंडी घातली. अंड्यांचे बाप शेजारचेच असणार, हे उघड होते.

मग 1985 साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचे, म्हणजे डीएनएवरून ओळख आणि नाते पटवण्याचे, तंत्र मांडले आणि दोनच वर्षांत ते चिमण्यांवर वापरले गेले. पुढची गंमत डनॉकची. हा चिमणीएवढा, मातकट रंगाचा, कुणाच्या नजरेत न भरणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस मॉरिस या धर्मोपदेशकांनी त्याच्या साध्यासुध्या वागण्याचे कौतुक केले होते. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात निक डेव्हिस यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली, तेव्हा एक मादी आणि दोन नर असे संसार राजरोस सापडले. समागमाआधी नर मादीच्या शेपटीखाली चोच मारत राहतो, आधीच्या नराचे वीर्य तिने बाहेर टाकेपर्यंत! 1989 मध्ये डीएनएने पितृत्व तपासले गेले. पिल्लांना भरवायला कोणता नर किती राबतो, हे त्याला मादीजवळ किती फिरकता आले यावर ठरते, असेही दिसले. मॉरिस यांच्या कौतुकाला हे भलतेच उत्तर होते.

त्यानंतर जात तपासावी आणि भानगड सापडावी, असे सुरू झाले. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्याची सुमारे तीन चतुर्थांश पिल्ले कुटुंबाबाहेरच्या नरांची निघाली. काळ्या हंसांतही साधारण सहापैकी एक पिल्लू घरातल्या नराचे नसते. म्हणून अभ्यासक आता ‘सामाजिक’ एकनिष्ठता (एकाच जोडीदाराबरोबर संसार) आणि ‘जनुकीय’ एकनिष्ठता (पिल्लेही त्याच जोडीची) वेगळी धरतात. दोन्ही कसोट्यांवर उतरणारे थोडेच. अमेरिकेतले काळे गिधाड त्यांतले एक.

‘आजन्म’ या शब्दाचेही तसेच. 1956 साली प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर पायात कडे घातलेली ‘विस्डम’ ही लेसन अल्बाट्रॉस मादी वर्षानुवर्षे एकाच नराबरोबर अंडी घालत होती. तो परतेनासा झाला आणि 2024 च्या अखेरीस, सत्तरी उलटल्यावर, तिने नव्या जोडीदाराबरोबर अंडे घातले. शब्दशः आजन्म एकत्र राहणारे पाहायचे तर माशांच्या कल्ल्यांवरचा डिप्लोझून हा परजीवी चपटकृमी पाहावा. दोन कृमी भेटले की एकमेकांत कायमचे सांधले जातात.

सस्तन प्राण्यांत असे संसार मुळातच कमी. 2013 सालच्या एका मोठ्या तुलनेत जोडीने राहणाऱ्या जाती सुमारे 9 टक्के भरल्या. त्यांतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी प्रयोगशाळांचा लाडका, कारण त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांमुळे जोडी पक्की होते असे प्रयोगांतून दिसत होते. 2023 मध्ये जनुक-संपादनाने ऑक्सिटोसिनचा ग्राहक (ते संप्रेरक पेशीत ज्याला चिकटून काम करते तो रेणू) नसलेले व्होल जन्माला घातले गेले. त्यांच्याही जोड्या जमल्या.