ऑन्टारिओतली फ्रेंच शाळा: मराठी घरातल्या मुलाला प्रवेश कसा मिळतो

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे एखादे मराठी पालक ‘मुलीला फ्रेंचला घातलंय’ म्हणाले, की बहुतेक वेळा ते फ्रेंच इमर्शन असतं. इमर्शन ही इंग्रजी शाळा मंडळांची (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांची) सोय आहे. मुलं इंग्रजी मंडळाचीच, फक्त बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकतात. तिथे घरची भाषा कोणी विचारत नाही. जागा आणि नोंदणीची तारीख सांभाळली की झालं.

इथे सांगतोय ते दुसऱ्या, म्हणजे पूर्ण फ्रेंच शाळांबद्दल. या शाळांत गणितापासून ऑफिसातल्या फोनपर्यंत सगळा कारभार फ्रेंचमध्ये चालतो आणि इंग्रजी हा विषय चौथीपासून सुरू होतो. शाळा सरकारी खर्चाच्या, फी नाही. पण त्या आहेत प्रांतातल्या फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांसाठी, म्हणून आत जाताना पात्रता पाहिली जाते. 1912 साली याच प्रांताने ‘नियम 17’ काढून पहिल्या दोन इयत्तांपुढे फ्रेंचमधून शिकवणं जवळजवळ बंद केलं होतं. तो 1927 पर्यंत टिकला. फ्रेंच शाळांची स्वतंत्र मंडळं प्रांतभर यायला 1998 उजाडलं. आज ती 12 आहेत, 4 सार्वजनिक आणि 8 कॅथलिक. बेळगावात मराठी शाळा टिकवायला काय लागतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही चौकशी जाचक वाटू नये.

हक्काने प्रवेश कोणाला?

कॅनडाच्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं कलम 23 हा याचा पाया. आई किंवा वडील, दोघांपैकी एकजण कॅनडाचा नागरिक असला पाहिजे आणि तीनपैकी एक गोष्ट लागू व्हायला हवी: त्याने लहानपणी पहिली शिकलेली आणि अजून समजणारी भाषा फ्रेंच आहे, किंवा त्याचं प्राथमिक शिक्षण कॅनडातच फ्रेंचमधून झालंय, किंवा त्याचं एखादं मूल कॅनडात फ्रेंच शाळेत शिकलंय वा शिकतंय. अकरावी-बारावीला मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच इथे कामाचं नाही. इमर्शनमध्ये काढलेली वर्षंही धरत नाहीत.

नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबाला यातलं काहीच लागू होत नाही. पीआर (कायमचे रहिवासी) असले तरी नागरिकत्व नाही, आणि मातृभाषा मराठी. इथेच बरेच जण नाद सोडतात. तो सोडू नये.

प्रवेश समिती

हक्क नसलेल्या मुलासाठी ऑन्टारिओच्या शिक्षण कायद्यात वेगळी वाट आहे. पालकांनी विनंती करायची आणि शाळेचे मुख्याध्यापक, मंडळाचा एक शिक्षक व एक पर्यवेक्षी अधिकारी अशा तिघांच्या समितीने बहुमताने ठरवायचं. शिक्षण मंत्रालयाच्या 2009 च्या धोरणानुसार मंडळांनी फ्रेंच जाणणारी स्थलांतरित कुटुंबं, आजी-आजोबा फ्रेंचभाषक असलेली मुलं आणि ज्यांच्या घरची भाषा फ्रेंचही नाही, इंग्रजीही नाही अशी मुलं यांचा विचार मोकळेपणाने करावा. तिसऱ्या गटात आपण थेट बसतो. घरात मराठी बोलता हे लपवण्याचं काही कारण नाही.

समितीला पाहायचं असतं ते एवढंच, की हे घर फ्रेंचला जागा देईल का. पीआरचे गुण वाढावेत म्हणून पुण्यात फ्रेंचचे क्लास करून टीईएफ किंवा टीसीएफ ही फ्रेंचची परीक्षा दिलेले बरेच जण आहेत. तो निकाल जरूर सोबत जोडा. सक्तीचा कागद नाही, पण वजन पडतं. फ्रेंच येत नसेल, तर स्वतः शिकायची तयारी आहे का, मुलासाठी पुस्तकं, वाचनालय, शिबिरं यांचं काय करणार, हे ठोस सांगा. ‘पुढे सरकारी नोकरीला बरं’ हे कारण खरं असलं तरी तेवढंच घेऊन जाऊ नका. आणि मनाशी प्रामाणिक राहा: शाळेच्या चिठ्ठ्या फ्रेंचमध्ये येणार, गृहपाठात मदत करताना तुमचीच परीक्षा होणार. मुलाला भाषा कमी येत असेल तर शाळेत त्यासाठी वेगळा आधारवर्ग असतो, तिकडची काळजी नको.

कागदपत्रं

मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पीआर कार्ड किंवा वर्क परमिट, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, विजेचं बिल) आणि आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं. बालवर्गासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत मूल 4 वर्षांचं होत असलं पाहिजे. कॅथलिक मंडळं प्राथमिक शाळेसाठी सहसा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात; वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना म्हणून दोन्ही पर्याय खुले. बाकीच्यांनी सार्वजनिक मंडळ धरावं. टोरांटो परिसरात ते व्हियामोंद.

लसींचं कार्ड नीट पाहा. शाळेसाठी गालगुंड, मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची) आणि 2010 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांची लसही लागते. आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआर (गोवर-रुबेला) असते, त्यात गालगुंड नाही, आणि कांजिण्यांची लसही नाही. सरकारी केंद्रात सगळे डोस वेळेवर घेतलेल्या मुलाच्या कार्डातही ही जागा रिकामी असते. नोंद शाळेकडे नाही, स्थानिक सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करायची.

पुढचा फायदा

समितीने घेतलेलं मूल शाळेत रुळलं आणि पालक नागरिक झाले, की कलम 23 चा तिसरा मुद्दा लागू होतो: धाकट्या भावंडांना समितीपुढे जावं लागत नाही. 1999 च्या अ‍ॅबी खटल्यात ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने हेच सांगितलं. घरात फ्रेंच नसलेल्या त्या कुटुंबाचं मूल समितीमार्फतच शाळेत आलं होतं. प्रांत बदलला तरी हा हक्क सोबत येतो, म्हणून प्रत्येक वर्षाचं प्रगतिपुस्तक जपून ठेवा. क्युबेकात मात्र हिशेबच उलटा, तिथे फ्रेंच शाळा हाच स्थलांतरितांचा नियम.

हक्कधारक झाल्यावर मालमत्ता मूल्यांकन करणाऱ्या एमपॅक संस्थेकडे अर्ज करून आपली नोंद फ्रेंच मंडळाकडे वळवता येते. भाडेकरूंनाही हा अर्ज करता येतो. न केल्यास नाव इंग्रजी सार्वजनिक मंडळाच्या खात्यावरच राहतं. नोंद बदलल्याने कर वाढत नाही.