बँकरप्सीच्या आधी गाडी भावाच्या नावावर केली, आता काय?

अमेरिकेत चॅप्टर ७ बँकरप्सी (कर्जमाफीसाठीची दिवाळखोरी) टाकणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की फाईल करायच्या आधी गाडी भावाच्या नावावर केली की सुटलो. तसं नसतं हो. तुमच्या केससाठी नेमलेला ट्रस्टी (तुमची मालमत्ता तपासून देणेकऱ्यांसाठी वसुली करणारा) जुने व्यवहार उकरून काढतो आणि दिलेली वस्तू किंवा तिची किंमत परत मागू शकतो.

किती मागे जातो? बँकरप्सी कायद्याच्या कलम ५४८ खाली २ वर्षं. १२ हजार डॉलरची गाडी १ डॉलरला दिली आणि तेव्हा तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती, एवढं पुरतं, फसवायचा हेतू असायलाच हवा असं नाही. शिवाय राज्याचा कायदा वापरून बऱ्याच ठिकाणी ४ वर्षं मागे जाता येतं.

लोक खरे अडकतात ते कलम ५४७ मध्ये, कारण तिथे कोणी लबाडी केलेलीच नसते. समजा ८ महिन्यांपूर्वी बाबांचे उसने ५ हजार प्रामाणिकपणे फेडले, पण तेव्हाच खिसा रिकामा होता आणि कार्डवाल्यांना दमडी दिली नाही, तर ट्रस्टी ते ५ हजार बाबांकडून मागतो, तुमच्याकडून नाही! बाहेरच्यांना दिलेल्या पैशांसाठी ९० दिवस बघतात, घरच्यांसाठी १ वर्ष. मला हे जरा कठोरच वाटतं, पण एकाला पूर्ण आणि बाकीच्यांना भोपळा हे कायद्याला चालत नाही.

नेहमीचं भाडं, वीजबिल, मुलांची पोटगी, योग्य भावात केलेली विक्री यांची सहसा काळजी नको.

आता कागद. फाईल करताना भरायच्या फॉर्म १०७ मध्ये हे सगळं विचारतात: ९० दिवसांत कोणाला ६०० डॉलर किंवा जास्त फेडले (कर्ज मुख्यतः घरखर्चाचं असेल, धंद्याचं नसेल तर), वर्षभरात नातेवाइकांना काय दिलं, २ वर्षांत ६०० च्या वरच्या भेटी, विकलेली किंवा नावावर करून दिलेली मालमत्ता. त्यामुळे बँक स्टेटमेंट, गाडीचं टायटल, घराचं डीड, विक्रीची पावती आणि आलेला पैसा कुठे गेला याचा हिशोब आधीच काढून ठेवा. फाईल केल्यावर साधारण २१ ते ४० दिवसांत ट्रस्टीसोबत मीटिंग असते, तिथे शपथेवर हेच प्रश्न परत येतात आणि शेवटचा टॅक्स रिटर्न त्याच्या ७ दिवस आधी ट्रस्टीकडे पोचायला लागतो.

लपवू नका. क्रेडिटरना (ज्यांचं देणं आहे त्यांना) फसवायला वर्षभरात काही हलवलं असेल तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते, आणि मुद्दाम खोटं लिहिलं तर ५ वर्षांपर्यंत जेल.

गाडी आधीच दिली असेल तर घाईने परत नावावर करून घेऊ नका, फाईल करायच्या आधी वकिलाला सांगा, कधीकधी ते तारीखच पुढे ढकलायला सांगतात. आणि बाबांना ट्रस्टीचं पत्र आलं तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका, दावा लावायला ट्रस्टीकडे साधारण २ वर्षं असतात आणि कमी रकमेवर सेटल करायला ते बरेचदा तयार असतात.