आणण्याआधी घासू नका: जुन्या मोटारींच्या वस्तू घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी

दसरा उलटला की इंदुरातल्या आमच्या दुकानात जुन्या मोटारींच्या वस्तू विकायला आणि दुरुस्तीला यायला लागतात. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून उतरलेला हेडलाइट, रबरी फुग्याचा भोंपू, बंद पडलेल्या पंपावरची बर्मा-शेलची पाटी, कॅस्ट्रॉल तेलाचा डबा. वस्तू चांगल्या असतात. पण बऱ्याच वस्तू आमच्या टेबलावर येतात त्या लखलखीत होऊन. मग आमचं काम वाढतं आणि तुमची किंमत उतरते. "जरा बरी दिसावी म्हणून घासून आणली," असं सांगणाऱ्या प्रत्येकाला आम्ही जे तोंडी सांगतो, ते इथे छापलं आहे.

वस्तू जशी सापडली तशी आणा. धुळीसकट, जळमटांसकट, वाळलेल्या ग्रीससकट. धूळ काढायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. घासून गेलेला मुलामा मात्र कुणालाच परत आणता येत नाही.

पिवळं दिसलं म्हणजे नुसतं पितळ नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान दिव्यांचं होतं. 1920 च्या दशकातल्या मोटारींचे दिवे पुष्कळदा पितळेचे असत, पण वरून त्यांना निकेलचा मुलामा असे. मोटारींवर क्रोमचा वापर वाढला तो त्या दशकाच्या शेवटी. क्रोमची झाक निळसर असते आणि ते आरशासारखं चमकतं. निकेल पांढरंच, पण किंचित पिवळसर, मऊ चमकीचं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यावर धुरकट थर चढतो, आणि जिथे हात लागत आला त्या कडांवर खालचं पितळ डोकावतं.

ते पितळ दिसलं की घरच्यांना वाटतं, अख्खा दिवा पितळेचाच आहे, फक्त काळा पडलाय. मग ब्रासो, चिंच-मीठ, भांड्यांची पावडर, नाहीतर थेट बफिंगच्या, म्हणजे यंत्रावर घासून चमकवून देणाऱ्या, दुकानात. अर्ध्या तासात दिवा सोन्यासारखा पिवळा होतो आणि सगळे खूश होतात. मुळात तो तसा कधीच नव्हता. जाणकार ग्राहक तो हातात घेतल्याबरोबर उलटा करून बैठकीखाली, बिजागरीच्या आत आणि स्क्रूच्या डोक्याखाली पाहतो. पॉलिशचा कपडा तिथे पोचलेला नसतो, त्यामुळे पांढरं निकेल तिथे तसंच असतं. मग तो दिवा परत टेबलावर ठेवतो.

बफिंगने आणखी एक गोष्ट जाते: अक्षरं. लुकास या इंग्रज कंपनीच्या दिव्यांवर 'किंग ऑफ द रोड' ही ठशाची अक्षरं असतात. न घासलेल्या अक्षराच्या कडेवर नख अडकतं. बफ फिरलेल्या अक्षरावरून ते सरकून जातं. पुन्हा निकेल चढवलं तरी बोथट अक्षर बोथटच राहतं. म्हणून मुलामा बराचसा शाबूत असेल तर आम्ही नव्याने निकेल चढवत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी. काही लोक यावर नाराज होतात. पण सत्तर टक्के जुना मुलामा असलेला दिवा शंभर टक्के नव्या मुलाम्याच्या दिव्यापेक्षा आम्ही जास्त भावाने घेतो, हेही त्यांना सांगतो.

दिव्याच्या आतल्या वाटीला, म्हणजे रिफ्लेक्टरला, बोटसुद्धा लावू नका. जुन्या वाट्यांवर चांदीचा अतिशय पातळ थर असतो. मेटल पॉलिशच्या दोन-तीन हातांत तो निघून जातो आणि खालचा धातू दिसतो. काच सैल असेल तर वाटीवर स्वच्छ मलमल ठेवा आणि तशीच आणा.

भोंपू वाजत नसेल तर त्यात तेल सोडू नका. आत पितळेची पातळ जीभ असते. ती आणि तिची खाच यांच्यामध्ये धूळ किंवा हिरवा कळंक अडकला की आवाज बसतो. तेल घातलं की धूळ तिथेच चिकटते. फुगा कडक होऊन चिरला असेल तर नवा बसवता येतो, त्याने किंमत फारशी कमी होत नाही. फाटका जुना फुगा मात्र टाकू नका, मापाला लागतो.

बॉनेटवरच्या मूर्तींमध्ये 1930 नंतरच्या पुष्कळशा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आहेत. त्यांच्यावर क्रोमचे फोड दिसतात. तेजाबात बुडवल्या तर फोडाखालचा धातूच खाल्ला जातो आणि मूर्तीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

एनॅमलच्या पाट्या

एनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच. पोलादी पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे 800 अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवतात. आधी काळपट-निळा तळाचा थर, मग पांढरा, मग प्रत्येक रंग वेगळा, आणि प्रत्येक थराला वेगळी भट्टी. पाटी उजेडात तिरकी धरून अक्षराच्या कडेवरून नख फिरवा, थराची पायरी लागते. आमच्याकडे अस्सल-नक्कल ओळखण्याची सुरुवात इथूनच होते.

दुसरी खूण म्हणजे टवका. खऱ्या पाटीचा टवका शिंपल्यासारखा उडतो. त्याच्या कडेला क्रमाने रंग, पांढरा, काळपट तळ आणि मधोमध गंजलेलं पोलाद असे थर दिसतात. हे टवके बहुधा स्क्रूच्या भोकांभोवती आणि कोपऱ्यांवर असतात, कारण मार तिथेच बसतो. नकली पाटीवर ग्राइंडरने पाडलेले सपाट खड्डे असतात, त्यांत तपकिरी रंग भरलेला असतो, आणि ते नको तिथे, पाटीच्या ऐन मध्यावर असतात. थिनरचा बोळा फिरवला तर छापील रंग सुटतो, काचेला काही होत नाही. ही चाचणी घरी करू नका. पाटीवर एखाद्या जुन्या दुकानदाराने हाताने रंगवून घेतलेलं नाव असेल तर तेही पुसलं जाईल. असं नाव ठेवण्यासारखं असतं.

गंजाचे ओघळ काढायला संडास साफ करायचं अॅसिड वापरलेल्या पाट्या आम्ही दर मोसमात पाहतो. ओघळ जातात, पण काचेची झिलईही जाते. पाटी खडूसारखी निस्तेज होते, आणि लाल-केशरी रंग सगळ्यात आधी मरतात. लिंबू किंवा चिंच रात्रभर लावून ठेवली तरी तेच होतं, फक्त सावकाश. तारेची घासणी आणि पॉलिश पेपर यांनी पडलेले चरे कायमचे. खोबरेल तेलाने दोन दिवस चमक येते, मग ते चिकट होतं आणि धूळ धरतं. ते काढायला आम्हाला पाटी पुसण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो वेळ बिलात येतो.

पाटी तुमच्याच घरी लावायची असेल आणि टवके नसतील, तर एवढं करा: कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा, आणि लगेच कोरडं पुसणं. उकळतं पाणी थंड पाटीवर ओतू नका, काचेला बारीक तडे जातात.

लावताना नवं भोक पाडू नका. ड्रिलचं टोक काचेतून पोलादात शिरताना भोकाभोवती रुपयाएवढं एनॅमल उडतं. जुन्याच भोकांतून पितळी स्क्रू घ्या, स्क्रूच्या डोक्याखाली आणि पाटीमागे चामड्याचा किंवा नळाचा रबरी वायसर घाला. भिंत आणि पाटी यांच्यात 5 मिलिमीटर फट राहू द्या, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या बाजूला बसत नाही. स्क्रू टेकला की थांबा. शेवटच्या अर्ध्या आट्यानेच बहुतेक टवके उडतात. हे स्क्रू-वायसर आम्ही पाटीसोबत देतो, वेगळे पैसे नाहीत.

पाटीचा काळ ओळखायला नावं उपयोगी पडतात. भारतातली बर्मा-शेल कंपनी 1928 ची, आणि 1976 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे तिचीच भारत पेट्रोलियम झाली. एस्सो 1974 मध्ये गेली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम आली. डब्यावर 'वेकफील्ड' असेल तर तो 1960 च्या अलीकडचा नसावा, कारण त्या वर्षी कंपनीने आपलं नावच कॅस्ट्रॉल केलं. किंमत आण्यांत छापली असेल तर 1957 च्या नाणेबदलाआधीची. पत्त्यात पिनकोड असेल तर 1972 नंतरची, मग विकणाऱ्याने ती कितीही 'इंग्रजांच्या काळातली' म्हणून सांगितली तरी.

डबे, कागद, मीटर

तेलाच्या डब्यांवरची छपाई पत्र्यावरच केलेली, केसाएवढी पातळ असते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही लावलं की वरचं वार्निश आणि मागोमाग शाई निघते. दसऱ्याच्या पूजेत लावलेलं हळद-कुंकूही छपाईच्या चिरांत शिरतं. पूजा जरूर करा, फक्त बोट डब्याच्या झाकणाला लावा. डबा पाण्यात बुडवू नका. दुमडलेल्या शिवणीत पाणी राहतं आणि गंज आतून सुरू होतो.

कागदांबद्दल एकच सांगणं: लॅमिनेशन करू नका. जुनी मोटार कंपनीची पत्रकं, दुरुस्तीची पुस्तकं, विक्रीची बिलं आपल्याकडे मिळतात आणि त्यांना मागणी आहे. पण गरम प्लास्टिकमध्ये चिकटलेला कागद सोडवता येत नाही, आणि मग तो संग्राहकाच्या कामाचा राहत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, फेविकॉल नको. कसर किंवा वाळवी दिसली तर पुस्तक वेगळ्या पिशवीत बांधून तसं आधी सांगा, म्हणजे आम्ही ते बाकीच्या कागदांजवळ नेणार नाही.

महूच्या छावणीमुळे आपल्या भागात लष्करी जीपचे आणि इतर फौजी सामानाचे मीटर अजून निघतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. आता तो चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नाही. रेडियम निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. असा मीटर उघडू नका, आकडे खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. काच फुटली असेल तर दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा आणि आणण्याआधी फोन करा.

"होळकरांच्या गाडीचा आहे"

इंदुरात हे वाक्य स्वाभाविक आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांच्या मोटारी जगभर नावाजल्या गेल्या. 1935 ची त्यांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन मोटार, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली, आजही संग्राहकांच्या बोलण्यात असते. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक मोठा दिवा राजवाड्यातून आला असं कुटुंबात सांगितलं जातं, आणि कधी ते खरंही असतं. पण त्या गोष्टीचे पैसे मिळायला कागद लागतो: गाडीच्या नंबरासकट जुना फोटो, गॅरेजची पावती, लिलावाची नोंद, आजोबांच्या नोकरीचं पत्र. कागद नसेल तर आम्ही तो दिवा 'त्या काळातला दिवा' म्हणूनच लिहितो. मान देत नाही असा याचा अर्थ नाही. आमच्या बिलावर विश्वास ठेवून पुढे विकत घेणाऱ्यालाही आम्हाला उत्तर द्यावं लागतं.

बिलावर म्हणूनच तीनच शब्द येतात: 'मूळ', 'दुरुस्त' किंवा 'नवी नक्कल'. नक्कल आम्हीही विकतो, हॉटेलवाल्यांना सजावटीला लागते. पण तिच्या पाठीवर आमचा शिक्का ठोकलेला असतो, तो पुसून निघत नाही. संस्थानी नंबरप्लेटही आम्ही घेतो. ती भिंतीवरच लावावी, चालत्या गाडीवर नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायची असेल तर आधी विचारा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि वस्तू पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व विभागाचा कागद लागू शकतो.

फोटो पाठवताना आणि आणताना

फोनवर भाव विचारला तर आम्ही सांगत नाही, यावर बरेच जण रागावतात. समोरून काढलेल्या एका फोटोवरून निकेल कुठलं, पितळ कुठलं, टवका खरा की पाडलेला, हे कळत नाही. चुकीचा आकडा सांगून तुम्हाला विजयनगरहून किंवा देवासहून बोलावणं आम्हाला बरोबर वाटत नाही. चार फोटो पाठवा: समोरून, मागून, भोकांचा किंवा कडेचा जवळून, आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवून मापाचा. सावलीत काढा, फ्लॅश बंद ठेवा. त्यावर आम्ही वस्तू आणण्याजोगी आहे की नाही एवढं त्याच दिवशी सांगतो.

तपासणीचे 200 रुपये घेतो. वस्तू आम्हाला विकली किंवा दुरुस्तीला ठेवली तर ते वळते होतात. दोन्हींतलं काही नाही केलं तरी वस्तू काय आहे, साधारण कोणत्या काळातली आहे आणि घरी कशी ठेवावी हे लिहून मिळतं.

गुंडाळायला वर्तमानपत्र नको, शाई उतरते. बबलचं प्लास्टिक थेट मुलाम्यावर नको, दमट हवेत त्याचे गोल डाग उमटतात. आधी जुनी सुती साडी, मग हवं तर प्लास्टिक. पाट्या दोन असतील तर एकमेकींवर तोंडाला तोंड ठेवू नका, मध्ये पुठ्ठा घाला आणि गाडीत उभ्या ठेवा. डब्यात तेल उरलं असेल तर ओतून टाकू नका. झाकण घट्ट करून डबा पिशवीत उभा आणा, तेल आम्ही काढतो.