जर्नलला पेपर पाठवताय? रेफरन्समध्ये लोक नेमके कुठे अडकतात

गेल्या महिन्यात एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा पेपर तिसऱ्यांदा परत आला. रिव्ह्यूअरपर्यंत पोचलाच नाही, जर्नलच्या ऑफिसातूनच माघारी, आणि मेलमध्ये एकच ओळ की रेफरन्स आमच्या स्टाइलप्रमाणे नाहीत. कुठला रेफरन्स, काय चुकलं, काही नाही, शोधा तुमचं तुम्ही. मी कॉलेजच्या लायब्ररीत बसतो, त्यामुळे असे परत आलेले पेपर फिरून माझ्या टेबलावर येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

स्टाइल, म्हणजे रेफरन्स लिहायची ठरलेली पद्धत, कुठली ते जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांच्या पानावर असतं, ते पान आधी पूर्ण वाचा. मानसशास्त्र, एज्युकेशनवाले बहुतेक एपीए मागतात, मेडिकलवाले व्हँकुव्हर, इंजिनिअरिंगला आयईईई, भाषा-साहित्याला एमएलए किंवा शिकागो. एपीए म्हणजे आता त्यांच्या नियमपुस्तकाची सातवी आवृत्ती, ती २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली, पण बऱ्याच गाइड लोकांच्या डोक्यात अजून सहावीच आहे आणि मुलं बिचारी सर म्हणतात तसं करतात. सातवीत पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव लिहायचं नाही, तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच एक आडनाव आणि पुढे एट ऑल (म्हणजे 'आणि इतर'), शेवटच्या रेफरन्स यादीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं. व्हँकुव्हरमध्ये साधारणपणे पहिले सहा आणि मग एट ऑल. हे दोन्ही एकाच यादीत मिसळलेले मी कितीतरी वेळा बघितलेत.

यादीत यायला पात्र कोण? जे तुम्ही स्वतः वाचलंय आणि मजकुरात ज्याचा उल्लेख केलाय ते, बाकी कोणी नाही. त्या मुलीच्या यादीत ४३ नोंदी होत्या, प्रिंट काढून पेन्सिलने एकेक टिक करत गेलो तर चार नोंदींचा मजकुरात पत्ताच नाही आणि मजकुरातले दोन उल्लेख यादीत नाहीत. अर्ध्या तासाचं काम, पण करत कोणी नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेलं तिसऱ्याचं मत असेल तर यादीत फक्त तुमच्या हातात असलेलं पुस्तक येतं, मूळवाल्याचं नाव मजकुरात, 'अमुकमध्ये उद्धृत' असं. एखाद्या जाणकाराने तुम्हाला मेलवर किंवा फोनवर काही सांगितलं असेल तर एपीएमध्ये ते यादीत नाहीच, फक्त मजकुरात तारखेसकट. आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे पाटील. यादीत तीन वेगवेगळे पाटील असतील तर मजकुरात नुसतं पाटील, २०१८ चालत नाही, इनिशिअल लावावं लागतं.

आता मराठी पुस्तकं. खरी दमछाक इथे होते, कारण हे नियम करणाऱ्यांनी आपली जुनी पुस्तकं काही डोळ्यासमोर ठेवली नव्हती. टायटल पानाच्या मागे साल असतं ते कधीकधी शक असतं. शके १८४५ बघून एकाने सरळ १८४५ टाकलं, म्हणजे पुस्तक ७८ वर्षांनी म्हातारं झालं! शकात ७८ मिळवा, आणि पुस्तक जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानचं असेल तर ७९. साल कुठेच नसेल तर अंदाजाने ठोकू नका, 'नो डेट'चं एन डॉट डी डॉट लिहायची सोय आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुनर्मुद्रण वापरलं असेल तर पान नंबर पण त्याचाच आणि साल पण त्याचंच, लोक साल पहिल्या आवृत्तीचं देतात आणि पान नव्या आवृत्तीचं, मग तपासणाऱ्याला ते पान सापडत नाही. एपीएत मजकुरात दोन्ही सालं तिरकी रेघ मारून देता येतात, आधी मूळ, मग तुमच्या हातातलं.

नावांचं तर विचारू नका. श्री. ना. पेंडसे यांचं नाव इंग्रजीत लिहिताना एकाने 'श्री' म्हणजे मिस्टर समजून गाळून टाकलं होतं, ते श्रीपाद आहे हो! ज्ञ कोणी जे-एनने लिहितं, कोणी डी-एन-वायने, दोन्ही चालतात, पण एकाच पेपरात दोन्ही नकोत, नाहीतर एकच पुस्तक यादीत दोन ठिकाणी दिसतं. इंग्रजी जर्नलला एपीएमध्ये मराठी पुस्तकाचं नाव आधी रोमन लिपीत आणि पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ, एवढं करायचं. आणि कॉपी-पेस्ट करताना देवनागरी आकडे तसेच राहतात, ते बदला.

आता डीओआय, म्हणजे लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक. जुन्या मराठी मासिकांना तो नसतो, नसला तर सोडून द्या, वेबसाइटची लिंक डीओआय म्हणून चिकटवू नका. असेल तर क्रॉसरेफ या डीओआय शोधायच्या वेबसाइटवर शोधून पूर्ण लिंकच्या रूपात द्या, शेवटी पूर्णविराम नको, तो लिंकमध्ये घुसला की लिंक मरते. प्रत्येक डीओआय क्लिक करून बघा, खरंच बघा, कारण हल्ली चॅटबॉटकडून यादी बनवून आणणारे वाढलेत आणि त्यातला डीओआय उघडला तर भलत्याच विषयाचा पेपर निघतो, किंवा काहीच निघत नाही. अशी एक नोंद सापडली की एडिटर बाकीच्या चाळीसवरही विश्वास ठेवत नाही. ऑनलाइन जर्नलमध्ये पानांऐवजी आर्टिकल नंबर असतो, तिथे पीडीएफची पानं मोजून १ ते १२ लिहू नका.

झोटेरो हे रेफरन्स साठवून यादी बनवून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, वापरा, पण आत चुकीचं भरलं तर बाहेर चुकीचंच येणार. एपीएत लेखाचं शीर्षक साध्या वाक्यासारखं, म्हणजे पहिलं अक्षर, कोलननंतरचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून सगळं लहान, आणि जर्नलच्या नावात मुख्य शब्दांची पहिली अक्षरं मोठी. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत हे हमखास बिघडलेलं असतं. एक फायदा मात्र आहे, एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं.

सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे तुमचा मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो ते सांगणारा रिपोर्ट, बघून घाबरणाऱ्यांसाठी: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर दंड नाही आणि त्या मोजणीतून रेफरन्स यादी वगळायची असते. रिपोर्ट काढताना तो पर्याय ऑन आहे का ते आधी विचारा, मग रडा.

शेवटचं, मुदत. दुरुस्तीला ३० दिवस दिले तर ते मेल आल्या दिवसापासून, तुम्ही उघडल्या दिवसापासून नाही, आणि मेल स्पॅममध्ये गेला होता हे कारण कोणी ऐकून घेत नाही. परदेशी जर्नलच्या सिस्टीममधली वेळ बहुतेक वेळा आपली नसते, त्यामुळे शेवटच्या रात्री बाराच्या हिशोबात राहू नका. जास्त वेळ हवा असेल तर मुदत संपायच्या आधी एडिटरला दोन ओळींचा मेल टाका, बरेचदा मिळतो, संपल्यावर मागितला तर पेपर नवीन म्हणून पुन्हा पहिल्यापासून भरायला लावतात. त्या मुलीचे आता सहा दिवस उरलेत, शकाची दोन सालं अजून बदलायची आहेत.