‘पोलिसी खाक्या दाखवताच’ : गाडीचोरी, पाठलाग आणि कोठडी

कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचणाऱ्याला ही बातमी तोंडपाठ असते. मोटारसायकल चोराला पथकाने सापळा रचून, नाहीतर पाठलाग करून पकडलं. आधी त्याने उडवाउडवीची उत्तरं दिली. ‘पोलिसी खाक्या दाखवताच’ त्याने गुन्ह्याची कबुली दिली आणि अमुक इतक्या दुचाकी हस्तगत झाल्या. सोबत फोटो असतो. ओळीने लावलेल्या गाड्या, मागे उभे अधिकारी आणि पुढे खाली बसवलेला, तोंडावर काळा बुरखा चढवलेला माणूस. पाठलाग दोन ओळींत उरकतो, खाक्या तीन शब्दांत. त्या तीन शब्दांत काय घडतं हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही, पण छापताना कुणाचा हात अडत नाही.

आधी पाठलागाचं बोलू. सिनेमातल्यासारखी गाडीमागे गाडी आपल्याकडे क्वचित धावते. तसे रस्ते नाहीत आणि पोलिसांच्या जीपही तशा नाहीत. आपलं हत्यार म्हणजे नाकाबंदी. कंट्रोलला खबर जाते, वायरलेसवर नंबर आणि रंग सांगितला जातो, पुढच्या पॉईंटवर बॅरिकेड आडवे पडतात. कोल्हापूरला हे सोयीचं आहे आणि गैरसोयीचंही. पुणे-बेंगळुरू महामार्ग, म्हणजे जुना चार नंबर आणि आताचा ४८, शहराच्या कडेने जातो. उत्तरेला किणीचा टोलनाका, दक्षिणेला कागल ओलांडलं की कोगनोळीचा. पण चोर काही टोलची पावती फाडून जात नाही. गगनबावडा, फोंडा आणि आंबा हे घाट कोकणात उतरतात, आंबोलीवरून गोवा जवळ पडतो. चंदगड-गडहिंग्लजकडच्या किंवा शिरोळकडच्या गावरस्त्यांनी जाताना आपण कर्नाटकात कधी शिरलो, हे दुकानाच्या पाटीवरची लिपी बदलल्यावरच कळतं.

ही हद्दीची भानगड जुनी आहे. संस्थानकाळात तर ती चहूबाजूंनी होती. साताऱ्याकडे आणि बेळगावकडे इंग्रजी मुलूख, पूर्वेला सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं. १८९८ च्या फौजदारी संहितेने पोलिसाला आरोपीच्या मागे ब्रिटिश इंडियात कुठंही जायची मुभा दिली होती. संस्थानाची वेस लागली की ती मुभा संपायची आणि पत्रव्यवहार सुरू व्हायचा. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती वेस पुसली गेली. १९७३ च्या संहितेचं कलम ४८ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५, दोन्ही एकच सांगतात : ज्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, त्याचा पाठलाग भारतात कुठंही करता येतो. तेव्हा कोगनोळीला जीपचा ब्रेक दाबायला कायद्याने काही कारण नाही. व्यवहारात मात्र पलीकडच्या ठाण्यात नोंद करा, तिथला एखादा शिपाई बरोबर घ्या, असं सगळं करावं लागतं. पथकात कानडी बोलणारा एक जण असला तर निम्मं काम तिथंच होतं.

बळ किती वापरायचं, याचंही उत्तर तेव्हापासून ठरलेलं आहे. अटकेला विरोध झाला तर लागतील ते उपाय करता येतात, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्या गुन्ह्यातल्या माणसाचा जीव घ्यायचा हक्क या कलमाने मिळत नाही. १८९८ मध्ये ते कलम ४६ होतं, १९७३ मध्येही ४६, आता ४३. गाडीचोरीला दंड संहितेच्या ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या ३०३(२) खालीही तेवढीच आहे. माल किंवा प्रवासी वाहणारी गाडी असली तर आता कलम ३०५ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. जन्मठेप कुठंच नाही. म्हणून पळत्या गाडीवर गोळी हा चोरीवरचा इलाज होऊ शकत नाही.

आतून गोळी आली तर गोष्ट निराळी. जानेवारी २०२० मध्ये किणी नाक्यावर तसं झालं. कर्नाटकाच्या बाजूने आलेल्या राजस्थानी टोळीची मोटार कोल्हापूर पोलिसांनी अडवली, टोळीने गोळीबार केला, पोलिसांनी प्रत्युत्तर दिलं आणि तिघे जिवंत हाती लागले. आणि नाकाबंदीचं नाव निघाल्यावर तुकाराम ओंबळे यांना विसरून कसं चालेल? जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत दहशतवाद्यांनी पळवलेली स्कोडा अडली, तेव्हा ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्यानंतर त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपिलं झाली. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात जे जमलं, ते दुचाकी चोरणाऱ्या पोराच्या बाबतीत का जमत नाही?

याचं कारण पोलिसांच्या स्वभावात शोधण्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्यात शोधावं, असं मला वाटतं. त्याचं कलम २५ सांगतं, पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. मारून कबुली घेतात, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. पण दोनच कलमं पुढे, २७ मध्ये, एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरती माहिती पुराव्यात चालते. गाडीचोरीची केस सहसा या खिडकीवरच उभी असते. दुसरं काही नसतंच. महाद्वार रोडला लावलेली गाडी तासाभराने जागेवर नाही, एवढीच फिर्याद. बघणारा कुणी नाही. मग दोन पंच बोलवायचे, निवेदन पंचनामा लिहायचा, ‘गाडी ठेवलेली जागा दाखवतो, सोबत चला’ असं आरोपीच्या तोंडी घालायचं आणि सगळ्यांनी जीपमध्ये बसून निघायचं. उसाच्या फडाच्या कडेला, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या मागे किंवा एखाद्या पाहुण्याच्या गोठ्यात गाड्या मिळतात. कबुलीला किंमत नसली की पोलीस कबुलीच्या मागे लागणार नाहीत, हा कायदा करणाऱ्यांचा हिशेब. झालं एवढंच, की मार कबुलीसाठी न पडता मुद्देमालासाठी पडू लागला. नव्या साक्ष्य अधिनियमात जुनी २५, २६ आणि २७ ही तिन्ही कलमं २३ मध्ये एकत्र आली आहेत. खिडकी तशीच आहे.

त्यात डीबी पथकावर, म्हणजे ठाण्याच्या गुन्हेशोध पथकावर, आकड्याचं ओझं. एका गाडीच्या चोरीत सापडलेल्याकडून आणखी किती गुन्हे ‘उघडकीस’ येतात, यावर कामगिरी मोजली जाते. आणि वेळ कमी. चारचाकी असेल तर तिचा चेसिस नंबर घासून दुसरा मारला जातो, किंवा विम्याने निकालात काढलेल्या अपघाती गाडीचे कागद स्वस्तात घेऊन त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीला चिकटवले जातात. दुचाकीचे तर सुटे भाग होऊन विकले जातात. उशीर झाला की गाडी गेलीच.

मग पहिला कोण उचलला जातो? ‘रेकॉर्डवरचा’. हा शब्दही इतिहासातून आला आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांना ठरावीक वेळी हजेरी देण्याची सक्ती केली. कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली आणि ज्यांना सगळे चोर म्हणत, त्या फासेपारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. देशात तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. त्यानंतरही १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आलाच. आज हजेरीचं पुस्तक नाही, पण पालावर पहाटे येणारी जीप आहे.

कोर्टाने वेळोवेळी वेसण घातली. १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्यांना मनाई केली. डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अकरा सूचना दिल्या : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. कोल्हापुरात या तपासणीसाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेतात. डॉक्टर ‘काही तक्रार?’ विचारतात तेव्हा पोलीस शेजारीच उभा असतो, त्यामुळे उत्तर काय येणार हे ठरलेलंच. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होणार नाही असं बजावलं, म्हणजे साध्या गाडीचोरीतही अटक का हवी याचं कारण लिहावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा सीसीटीव्ही बसवून चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश झाला.

आणि तरी नोव्हेंबर २०१७ विसरता येत नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर, सांगली शहर पोलीस ठाण्यात, किरकोळ रकमेच्या लूटमारीतला एक तरुण चौकशीत मेला. मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि ‘दोघे आरोपी पळून गेले’ असा बनाव रचला. पळाला म्हणून सांगितलेला दुसरा आरोपी सापडल्यावर बनाव फुटला. उपनिरीक्षकासह पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडे गेला. लोक रस्त्यावर उतरले होते. त्याच लोकांतले काही जण गल्लीत चोर सापडला की पोलीस येईपर्यंत त्याला खांबाला बांधतात, हेही खोटं नाही.

अलीकडे ‘धिंड’ आली आहे. जुनीच, पण मोबाईलमुळे तिला बहर आला. ज्या चौकात दहशत केली त्याच चौकातून लंगडत फिरवायचं, हात जोडायला लावायचं आणि त्याचं रील करायचं. नाशिकमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे आरोपींच्या तोंडून वदवलेलं वाक्य राज्यभर फिरलं. लोक खूश होतात, मीही एकदोन रील हसत पाहिली, हे कबूल करतो. कुठल्याही संहितेत धिंडीचं कलम नाही.

२०२४ च्या कायद्यांनी थोडं दिलं, थोडं काढून घेतलं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, ही मोठी गोष्ट. पण बेड्या काही आरोपींना, सराईतांनाही, घालता येतील असं लिहून आलं, आणि १५ दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसलं. आता छळाची तक्रार घेऊन मुंबईची रातराणी पकडायला नको.

कोठडी गाडीलाही असते. कुठल्याही ठाण्याच्या आवारात बघा, वेलींनी गिळलेल्या दुचाकींचा ढीग दिसेल. सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, फोटो काढा, पंचनामा करा, गाडी मालकाला द्या. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने त्याला १४ आणि ३० दिवसांची मुदत घातली आहे.

माझी शंभर सीसीची गाडी या मुदती येण्याआधी चोरीला गेली होती, रंकाळ्यावरून. तीन महिन्यांनी फोन आला. ठाण्याच्या आवारात हवालदारांनी ओल्या फडक्याने हँडलखालची माती पुसली, नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. माझ्या आरसी बुकाशी जुळला. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. आत बाकाखाली एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पाय लांब करून बसला होता. चप्पल शेजारी होती, तळवे सुजलेले, त्यामुळे ती घालता येत नव्हती. मी सुपूर्दनाम्याचा, म्हणजे गाडी ताब्यात मिळण्याचा, अर्ज कुठे करायचा ते विचारलं आणि बाहेर आलो. बॉंडवर लिहून दिलं : खटला संपेपर्यंत विकणार नाही, रंग बदलणार नाही.

दोन वर्षांनी साक्षीला बोलावणं आलं. ‘गाडी तुमचीच का?’ एवढंच विचारलं, मी हो म्हणालो. सरकारी वकिलांच्या टेबलावर निवेदन पंचनामा उघडा होता. टाईप केलेला, मधला शब्द जाड : ‘आरोपीने कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने सांगितले की…’ खाली दोन्ही पंचांच्या सह्या आणि आरोपीचा अंगठा.