नोंद केली म्हणजे जाहीर केलं असं नाही

ब्रिटिश खासदारावर आर्थिक हितसंबंधांबाबत दोन वेगळी बंधनं असतात. एक नोंदवहीत लिहायचं आणि दुसरं विषय निघाला की तिथल्या तिथे तोंडाने सांगायचं. या दोहोंत गल्लत करण्याची चूक खुद्द पंतप्रधान असताना ऋषी सुनक यांच्याकडून झाली.

नोंदवही हाउस ऑफ कॉमन्सची. १९७४ च्या ठरावातून ती आली. बाहेरची कमाई, देणग्या, परदेश दौरे, घरं-जमिनी, ७० हजार पौंडांपेक्षा जास्त किमतीचे शेअर असं सगळं त्यात येतं आणि बदल झाला की २८ दिवसांत कळवावं लागतं. आपल्याकडे उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराचीही मालमत्ता लिहिलेली असते, तशीच अपेक्षा आपण इथेही धरतो. पण ही वही मुख्यतः खासदाराच्या स्वतःच्या हितसंबंधांची. पत्नी अक्षता मूर्तींच्या नावावरचे इन्फोसिसचे शेअर त्यात लिहायचं बंधन सुनक यांच्यावर नव्हतं.

तोंडी जाहीर करण्याचा नियम मात्र बराच रुंद आहे. सभागृहात किंवा समितीसमोर बोलताना, ऐकणाऱ्या समंजस माणसाला ‘याचा यांच्या बोलण्यावर परिणाम होत असेल’ असं वाटण्याजोगं जे काही असेल ते सांगायचं. त्यात पती-पत्नीचे हितसंबंधही येतात. मला हाच नियम जास्त मोलाचा वाटतो, कारण प्रश्न विचारणाऱ्याला माहिती हवी असते ती त्या क्षणी.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलं सांभाळणाऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली. नव्याने काम सुरू करणाऱ्याला ६०० पौंड, एजन्सीमार्फत आल्यास १,२०० पौंड. अशा एजन्सींपैकी एक होती कोरू किड्स, आणि तिच्यात अक्षता मूर्तींचे शेअर होते. २८ मार्चला लिएझॉन कमिटीत, म्हणजे पंतप्रधानांना प्रश्न विचारणाऱ्या खासदारांच्या समितीत, खासदार कॅथरिन मॅकिनेल यांनी या योजनेबाबत काही हितसंबंध आहेत का, असं सरळ विचारलं. सुनक म्हणाले, नाही, माझी सगळी माहिती नेहमीच्या पद्धतीने दिलेली आहे.

ती दिलेली होती, पण सरकारकडे. मंत्र्यांना आपले आणि कुटुंबीयांचे हितसंबंध वेगळे कळवावे लागतात, आणि त्यातून मंत्र्यांच्या हितसंबंधांची यादी तयार होते. कोरू किड्सचा उल्लेख असलेली यादी प्रसिद्ध झाली १९ एप्रिलला. समितीतल्या खासदारांना प्रश्न विचारताना ती पाहायला मिळणं शक्यच नव्हतं.

खासदारांच्या वर्तनाच्या तक्रारी तपासणारे संसदेचे स्टँडर्ड्स कमिशनर डॅनियल ग्रीनबर्ग यांनी ऑगस्टमध्ये निष्कर्ष दिला: नियमभंग झाला, पण हेतुपुरस्सर नव्हे, सुनक यांनी नोंद करणं आणि जाहीर करणं यांत गल्लत केली. सुनक यांनी माफी मागितली आणि प्रकरण शिक्षेविना मिटलं.